गाल थकायच्या आत

दादाच्या डाव्या गालाशी एक बटण होतं आणि त्याचं सगळं बोलणं त्या बटणातून यायचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकेक करून स्नायू काम सोडतात आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं, अशा एका आजाराने त्याला ऐन चाळिशीत गाठलं. आधी पायातून चप्पल निसटायला लागली, मग स्कूटरची किल्ली फिरेना, मग जीभ जड झाली. मी सांगते आहे त्या पावसाळ्यात त्याच्याकडे डोळे, पापण्या आणि डावा गाल एवढंच उरलं होतं. दादा आता नाही. पण आम्ही दोघांनी मिळून त्याच्या कॉम्प्युटरचा एक भाग बदलला, त्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्या दिवसांत मी जितकी आशेवर होते तितकी त्याआधी किंवा त्यानंतर कधी नव्हते.

बटण अंबडच्या औद्योगिक वसाहतीतलं होतं. कारखान्यात मशीनचं दार नीट लागलं की नाही हे मशीनला कळावं म्हणून एक छोटासा स्विच असतो. दादा तिथल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा, तिथल्या मित्रांनी तसा एक स्विच खाटेच्या दांडीला बसवून दिला. समोरच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी सरकायच्या. हवी ती ओळ आली की दादा गाल फुगवायचा, मग ओळीतलं अक्षर, मग काना, मात्रा. वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते वाचून दाखवायचा. तो आवाज बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा शुद्ध होता. दादा जन्मात तसं बोलला नव्हता. पहिल्या दिवशी त्या आवाजात त्याने मला ‘इन्स्पेक्टर, पंखा कमी कर’ म्हटलं तेव्हा मी मोठ्याने हसले आणि मग मोरीत जाऊन रडले.

इन्स्पेक्टर मीच. मीही अंबडलाच, पण क्वालिटीत. आलेला प्रत्येक पार्ट मोजायचा, बसला तर पास, नाही तर लाल खूण करून बाजूला. लग्न मोडून मी माहेरी परत आले तेव्हा दादाने एवढंच विचारलं होतं, ‘रिजेक्ट कोणी कोणाला केलं?’ त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. तेव्हापासून घरात आम्ही तिघं, आई, दादा आणि मी.

त्या पावसाळ्यात गाल थकायला लागला. आधी संध्याकाळी थकायचा, मग दुपारी. बटण अर्धवट दाबलं जायचं आणि ‘पाणी’च्या जागी भलतंच काही उमटायचं. तेव्हा डोळ्यांची हालचाल पाहणारा एक कॅमेरा मागवला. काळ्या काचेची वीतभर पट्टी, पडद्याच्या खाली चिकटवायची. नुसतं अक्षराकडे पाहायचं की अक्षर उमटतं. गाल गेला तरी डोळे राहतात, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पट्टी आली आणि दादाच्या कॉम्प्युटरने तिला ओळखच दाखवली नाही.

दादाचा कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालायचा. लोक नवा टीव्ही घेतात तसं त्याने कॉलेजात असताना लिनक्स घेतलं, म्हणजे फुकटात, आणि मग आयुष्यभर त्याचे स्क्रू काढत बसला. कॅमेऱ्याचं अडलं कुठे, तर डिव्हाइस मॅनेजरपाशी. मला हा शब्द ठाऊक नव्हता. दादाने गालाने, अर्ध्या दुपारभर खपून, मला समजावलं: ‘आपल्या सोसायटीचा वॉचमन. कोण आलं ते ओळखतो, नाव देतो, कोणाला कुठवर सोडायचं ते ठरवतो.’ कॉम्प्युटरला माउस लावा, पेनड्राइव्ह लावा, दादाचा स्विच लावा, आधी गाठ याच्याशी. आणि दादाच्या मशीनवरचा हा वॉचमन फार जुना होता. त्याची देखभाल करणाऱ्यांनी ते काम कधीच थांबवलं होतं. कॅमेऱ्याच्या प्रोग्रामला नवा पाहिजे होता, आणि दोन एकत्र नांदत नाहीत. नवा आला की जुना जाणार.

‘मग बदलू की,’ मी म्हटलं. ‘त्यात काय?’

दादाने हळूहळू लिहिलं: ‘बिघडलं तर मशीन उठणार नाही. मग मी मुका.’

ह्याच सुमारास डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. झोपताना दादाला नाकावर मास्क लावून मशीनने हवा द्यावी लागायची. डॉक्टर म्हणाले, एक दिवस मास्क पुरणार नाही. त्या वेळी गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि कायमचं श्वासाच्या मशीनवर ठेवायचं की नाही, हे आताच ठरवलेलं बरं. आई पटकन म्हणाली, ‘त्यात काय ठरवायचं? लावा ना.’ डॉक्टर म्हणाले, ‘आई, हे तुम्ही नाही ठरवायचं. मला त्यांच्याकडून ऐकायचंय. दसरा झाला की या.’

घरी आल्यावर मी दादाला विचारलं. नळी घालायची का? पापणी एकदा मिटली की हो आणि नजर बाजूला फिरवली की नाही, अशी आमची खूण होती. त्याने दोन्हीपैकी काही केलं नाही. बटणावर लिहिलं, ‘आधी कॅमेरा.’

त्यानंतरचे दिवस मी कारखान्यातून आले की हातपाय धुऊन त्याच्यापाशी बसायची. तो सांगायचा, मी टाइप करायची. नवा डिव्हाइस मॅनेजर टाकण्याआधी त्याने माझ्याकडून जी तयारी करून घेतली, तेवढी तयारी लोक लग्नाची करत नाहीत. आधी सगळ्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर नक्कल. ती नक्कल उघडते का ते पाहायचं. मग एक पेनड्राइव्ह असा बनवायचा, की मशीन स्वतः उठलं नाही तर त्याच्यावरून उठवता येईल. तो बनवल्यावर खरंच उठवून पाहायचं. जुन्या डिव्हाइस मॅनेजरचं पॅकेज डिस्कवर जपून ठेवायचं, म्हणजे ऐन वेळी इंटरनेट गेलं तरी परत घालता येईल. गालाच्या स्विचसाठी दादाने कधीकाळी एक नियम लिहिला होता, ह्या नंबरचं यंत्र दिसलं की त्याला हे नाव दे आणि माझ्या प्रोग्रामला वापरू दे, असा. तो नियम नव्यालाही वाचता यायला हवा, म्हणून त्याचीही नक्कल.

मी वैतागायची. एका अक्षराला तो इतका वेळ घ्यायचा, आणि त्यातलं अर्धं बोलणं ‘पुन्हा तपास’ असायचं. ‘इन्स्पेक्टर मी आहे की तू?’ मी म्हणायची. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती दारातून त्याचीच बाजू घ्यायची. ‘बरोबर करतो तो. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये.’

पण एका संध्याकाळी, तिसऱ्यांदा काहीतरी तपासताना, माझ्या मनात आलं, की जो माणूस इतकं जपून करतो आहे तो थोड्या दिवसांचा विचार करत नाही. चार महिन्यांसाठी कोणी एवढा पाया खणत नाही. ‘आधी कॅमेरा’ म्हणजे आधी बोलायची सोय होऊ दे, मग नळी, मग मशीन, मग वर्षानुवर्षं. मला ते इतकं स्वच्छ दिसलं, की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने खोली आवरायला घेतली. श्वासाचं मशीन खिडकीपाशी ठेवायचं की कपाटापाशी, वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालेल, हे ती मला विचारायची आणि मी कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला विचारून सांगायची. जुनी पेटी माळ्यावर गेली. दादा हे सगळं पाहायचा. तो काही लिहायचा नाही. त्याचं मौन म्हणजे होकार असं मी समजले.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात सकाळी मशीनची पूजा असते. मशीन धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून बंद ठेवतात, आणि पेढे घेऊन सगळे लवकर घरी. मी घरी आले तर आईनेही आपली पूजा उरकली होती. विळी, कात्री, शिवणयंत्र, बाबांचा पाना, आणि दादाचा कॉम्प्युटर. पडद्याला झेंडूची माळ, सीपीयूच्या डब्यावर, कीबोर्डवर, माउसवर कुंकवाचं बोट.

‘आज करूया,’ मी दादाला म्हटलं. सगळी तयारी झाली होती, मला सुट्टी होती, आणि त्या सकाळी त्याला ‘हवा’ हा शब्द लिहायला फार वेळ लागला होता असं आई सांगत होती.

आई आडवी आली. ‘आज नाय हात लावायचा. आज त्यांचा दिवस हाय. वर्षभर राबतात, आज तरी बसू द्या त्यांना.’

दादाने गाल फुगवला. बटण दाबलं गेलं नाही. पुन्हा फुगवला. शेवटी पडद्यावर उमटलं, ‘आज’. आईने ते वाचलं आणि बाजूला झाली.

मी माळ काढली. नव्या डिव्हाइस मॅनेजरचा हुकूम दिला. कॉम्प्युटरने विचारलं, जुना जाईल, चालेल का? मी दादाकडे पाहिलं. पापणी मिटली. ओळी सरसर वर गेल्या. मग मशीन सुरू होताना जो छोटा भाग सर्वांत आधी उठतो, तो नव्याने बांधला, कारण त्याच्या पोटात अजून जुनाच वॉचमन बसलेला असतो. हे विसरलं की मशीन उठत नाही, असं दादाने आठवडाभर बजावलं होतं. नियमाची फाइल जागेवर आहे का पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि रीस्टार्ट केलं.

पडदा काळा झाला. त्या वेळात दादाला कसलाही आवाज नव्हता. मी त्याच्या पायावर हात ठेवून बसले. पाय गार होता. आई देवासमोर जाऊन उभी राहिली होती. मग पडदा उजळला, अक्षरांच्या ओळी आल्या, सरकायला लागल्या, आणि गालाचं बटण खट्कन वाजलं. नव्या वॉचमनने जुना स्विच ओळखला होता. बऱ्याच वेळाने तो शुद्ध आवाज म्हणाला, ‘पास.’ माझा जीव भांड्यात पडला.

आता कॅमेरा. यादीत तो दिसत होता. नाव मिळालं होतं, परवानगी मिळाली होती, प्रोग्राम चालू झाला होता. पण पडद्यावर एकच वाक्य: डोळे सापडत नाहीत. मी दादाला उशीने वर घेतलं, खाली घेतलं. खिडकीचा पडदा ओढला, दिवा लावला, दिवा विझवला. केबल काढून दुसरीकडे लावली. डोळे सापडत नाहीत. माझ्या नाकी नऊ आले आणि माझं डोकं फिरलं. नवा डिव्हाइस मॅनेजरच खोटा आहे, नुसतं नाव देतो आणि काम करू देत नाही, असं मी ठरवून टाकलं. ‘जुना परत घालते,’ मी म्हटलं.

दादाने नजर बाजूला फिरवली. नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण गाल आता उठतच नव्हता. सगळी ताकद त्या ‘आज’ आणि ‘पास’मध्ये गेली होती. मग कॉम्प्युटर येण्याआधी आम्ही करायचो तसं मी केलं. तोंडाने बाराखडी म्हणायला लागले आणि त्याची पापणी पाहत राहिले. ‘क’वरच पापणी मिटली. का, कि, की, कु. मिटली.

‘कुलूप?’ नाही. ‘कुठलं पोर्ट?’ नाही. ‘कुणाला बोलवू?’ नाही. अनुस्वार? हो.

मी खाली वाकून कॅमेऱ्याच्या पट्टीकडे पाहिलं. काळ्या काचेच्या बरोबर मध्यावर, कपाळावर लावावं तसं, आईने कुंकवाचं ओलं बोट टेकवलं होतं. दिवसभर ते माझ्या नाकासमोर होतं. पण खंडेनवमीला मशीनला कुंकू असतंच. जन्मभर पाहत आलेली गोष्ट, तिच्याकडे कोण पाहतं? केसाएवढा फरक पकडून पार्ट परत पाठवणारी मी, मला ते दिसलं नाही. पहिल्यापासून ते फक्त दादाने पाहिलं होतं.

ओढणीच्या टोकाने पुसलं. पडद्यावर एक हिरवा ठिपका आला, थरथरला आणि दादा जिकडे पाहील तिकडे पळायला लागला. मी आईला हाक मारली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणलं होतं ना, आज बसू द्या त्यांना.’ दादाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसण्याची त्याची तीच एक रीत उरली होती. त्या संध्याकाळी आम्ही तिघं इतके खूश होतो, की आता ते आठवलं की मला भीती वाटते.

नंतर काही दिवस त्याने सराव केला. डोळ्यांनी तो गालापेक्षा कितीतरी भरभर लिहायचा. शेजारच्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या, माझ्या भाजीला नावं ठेवली. मग एका दुपारी त्याने मला बाहेर जायला सांगितलं. खासगी लिहायचंय, म्हणाला. मी दार लोटून घेतलं. बराच वेळ गेला. डॉक्टरांकडे जायचा दिवस उद्यावर आला होता, त्यामुळे त्यांच्यासाठी काहीतरी लिहीत असेल, असं मी आईला सांगितलं. आईने डोळे पुसले आणि शेंगा सोलत बसली.

मग आतून आवाज आला, ‘आई. ये.’

आई दारातच उभी राहिली. त्या पडद्याचं तिला दडपण असायचं, ती कधी समोर बसायची नाही. मी तिच्या मागे. दादाने एका जागी नजर रोखली आणि लिहून ठेवलेलं सगळं एका दमात ऐकू यायला लागलं. बातम्यांच्या त्या आवाजात.

‘आई, मला गळ्याची नळी नको. मशीन नको. हे मी उन्हाळ्यातच ठरवलं होतं. एकदा मशीन लागलं की ते काढा असं म्हणायची हिंमत तुम्हां दोघींपैकी कोणात नाही, आणि ती वेळ मला तुमच्यावर आणायची नाही. मला डोळेही हलवता येणार नाहीत तेव्हा मी आत काय म्हणतोय हे तुम्हांला कधीच कळणार नाही. तसं मला राहायचं नाही. ताईने नोकरी सोडायची नाही. तू रागावशील. रागाव. पण उद्या डॉक्टरांसमोर माझ्या आड येऊ नकोस.’

ताई म्हणजे मी. मी त्याच्याहून लहान, पण लाडात आला की तो मला ताई म्हणायचा.

मला राग आला. इतका, की मला तो पडदा उचलून आपटावासा वाटला. आठवडाभर मी अक्षर अक्षर टाइप करून, तपासून, पुन्हा तपासून, हे ‘नको’ म्हणायचीच सोय करून दिली होती. तो मला शिकवत होता तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. आईने पेटी माळ्यावर टाकली तेव्हाही ठाऊक होतं. मी काहीतरी बोलणार होते, पण आई आधी बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलंस असं विचारावं तसा.

‘मग येवढा खटाटोप कशाला केलास? नाय म्हणायला तो गाल होता की.’

ठिपका हलायला लागला. आम्ही दोघी पडद्यावर एकेक अक्षर येताना पाहत होतो, आणि आवाज येण्याआधीच मी ते वाचलं.

‘नाही म्हणायला गाल पुरला असता. तुला समजवायला पुरला नसता.’

आईने पदराला हात पुसले. माझी खुर्ची तिने स्वतः ओढली, पडद्यासमोर, त्याला दिसेल अशी ठेवली आणि तिच्यावर बसली. मला म्हणाली, ‘तू जा आत.’ मी हलले नाही. तिने पुन्हा सांगितलं नाही. ती दादाकडे पाहत होती.

‘समजव,’ ती म्हणाली. ‘मी हाय बसलेली.’